‘रिस्पॉन्सिबिलिटी’ची फोड कोणता शब्दकोश नीट करतो? चार मोफत इंग्रजी शब्दकोशांचे परीक्षण

इंग्रजीतल्या एखाद्या लांबलचक नामाविषयी शब्दकोशाला विचारण्यासारख्या तीन गोष्टी असतात. तो शब्द बोलताना किती सिलेबलमध्ये, म्हणजे एकेका स्वराभोवतीच्या उच्चाराच्या तुकड्यांत, विभागला जातो, त्यांपैकी कोणत्या सिलेबलवर आघात, म्हणजे जोर, येतो, आणि तो शब्द कोणत्या अर्थपूर्ण घटकांपासून घडला आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. तरीही बहुतेक ऑनलाइन शब्दकोश ती उत्तरे इतक्या सारख्या दिसणाऱ्या ठिपक्यांनी आणि आडव्या रेघांनी दाखवतात की सवय नसलेल्या वाचकाला ती सगळी एकच फोड वाटते. प्रस्तुत परीक्षणात मेरियम-वेबस्टर, केंब्रिज, अमेरिकन हेरिटेज आणि विक्शनरी हे चार शब्दकोश केवळ या एका अंगाने तपासले आहेत. चारही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात.

कसोटीसाठी ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ हे १४ अक्षरांचे नाम घेतले आहे. याहून लांब शब्द इंग्रजीत अर्थातच आहेत. ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस’ हा ४५ अक्षरांचा शब्द त्यांतला सर्वांत मिरवला जाणारा आहे, परंतु तो १९३५ मध्ये कोडी सोडवणाऱ्यांच्या एका अमेरिकी संघटनेच्या अध्यक्षांनी लांबीसाठीच घडवला होता आणि शब्दकोशांनी तो नंतर दाखल करून घेतला. बोलण्यात त्याची गरज कोणालाच पडत नाही. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ मात्र मुलाखतीत, अर्जात आणि भाषणात पदोपदी येते, आणि सिलेबल, आघात व घटक या तिन्ही बाबतींत त्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

मेरियम-वेबस्टरपासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण गोंधळाचे मूळ तिथेच स्पष्ट दिसते. या शब्दकोशात मूळ शब्द मधल्या ठिपक्यांनी तोडून दिलेला असतो आणि त्याच्या शेजारी उच्चार आडव्या रेघांनी तोडून दिलेला असतो. आपल्या शब्दाची ठिपक्यांची फोड देवनागरीत मांडली तर ती ‘रे, स्पॉन, सि, बिल, इ, टी’ अशी होते, आणि उच्चाराची फोड ‘रि, स्पान, स, बि, ल, टी’ अशी. तुकडे दोन्हीकडे सहाच आहेत, पण ‘एल’ हे अक्षर पहिल्या फोडीत ‘बिल’ला चिकटले आहे आणि दुसऱ्या फोडीत पुढच्या सिलेबलमध्ये गेले आहे. एकाच शब्दकोशाने एकाच ओळीत परस्परविरोधी माहिती दिली असे वाटण्याचा संभव आहे, परंतु तसे नाही. मधले ठिपके सिलेबल दाखवण्यासाठी नाहीतच. छापताना ओळीच्या शेवटी जागा संपली तर शब्द कुठे तोडून संयोगचिन्ह द्यावे, एवढेच ते सांगतात.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ‘अ‍ॅबिलिटी’ या छोट्या शब्दात मिळतो. ठिपक्यांनी त्याचे तीनच तुकडे पाडलेले आहेत आणि उच्चारात मात्र चार सिलेबल दाखवली आहेत, कारण सुरुवातीचे एकटे ‘ए’ हे अक्षर ओळीच्या शेवटी लोंबकळत ठेवणे छपाईच्या शिस्तीत बसत नाही. ठिपके मोजून सिलेबलची संख्या ठरवणारा विद्यार्थी इथे हमखास चुकणार. मेरियम-वेबस्टरने आपल्या स्पष्टीकरणात ठिपक्यांचा हा अर्थ दिलेला आहे, हे खरे. पण शब्द शोधून अर्थ पाहून निघून जाणारा वाचक ते स्पष्टीकरण उघडून पाहील अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे आहे. खिळे जुळवणाऱ्या कामगाराच्या गरजेपोटी आलेली ही खूण उच्चाराच्या अगदी शेजारी बसवणे, ही या शब्दकोशाच्या मांडणीतली माझ्या मते सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ओळ तोडण्याचे काम आज संगणक परस्पर करत असल्यामुळे ती अधिकच खटकते.

संगणकाचा उल्लेख आलाच आहे तर त्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण शब्द टाकताच सिलेबल मोजून देणारी जी अनेक मोफत संकेतस्थळे दिसतात त्यांच्या चुकांचे एक कारण त्यात दडले आहे. फ्रँक लियांग यांनी १९८३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात इंग्रजी शब्द ओळीच्या शेवटी तोडण्याची एक पद्धत मांडली, आणि डोनाल्ड नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत ती वापरली गेली. या पद्धतीत ४,४४७ अक्षर-आकृतिबंध आहेत. लियांग यांच्या शब्दयादीतल्या तोडण्यायोग्य जागांपैकी सुमारे ८९ टक्के जागा त्यांना सापडतात, आणि उरलेल्या जागा सोडून देणे हा त्या पद्धतीचा जाणीवपूर्वक पत्करलेला सावधपणा आहे, कारण छपाईत एखादी जागा सुटली तरी चालते पण चुकीच्या जागी शब्द तुटलेला चालत नाही. त्यासोबत दिलेल्या १४ अपवादांच्या यादीत ‘प्रेझेंट’ आणि ‘प्रोजेक्ट’ हे शब्द मुळीच तोडायचे नाहीत असे सांगितलेले आहे. हे दोन्ही शब्द नाम म्हणून वापरले तर आघात पहिल्या सिलेबलवर येतो आणि क्रियापद म्हणून वापरले तर दुसऱ्या सिलेबलवर. आघात सरकला की तोडण्याची जागाही सरकते, आणि नुसते स्पेलिंग पाहणाऱ्या यंत्राला समोर नाम आहे की क्रियापद हे कळण्याचा मार्ग नाही. छपाईसाठी बनवलेली अशी पद्धत कोणी सिलेबल मोजण्याच्या कामाला जुंपली, तर सुटलेली प्रत्येक जागा हे एक हरवलेले सिलेबल ठरते. अशा एका संकेतस्थळावर, ज्याचे नाव इथे घेण्याचे कारण नाही, मला ‘अ‍ॅबिलिटी’ची तीनच सिलेबल मिळाली. वरचा खुलासा वाचलेल्यास त्याचे नवल वाटणार नाही.

ओळ तोडण्याच्या बाबतीत ब्रिटिश आणि अमेरिकी परंपराही एकसारख्या नाहीत. अमेरिकी पद्धत उच्चाराकडे पाहून शब्द तोडते आणि जुनी ब्रिटिश पद्धत शब्दाच्या घडणीकडे पाहून. त्यामुळे ‘फोटोग्राफी’ हे नाम अमेरिकी पुस्तकात ‘टी-ओ-जी’नंतर तुटलेले आढळेल आणि ब्रिटिश पुस्तकात ‘फोटो’ आणि ‘ग्राफी’ या दोन घटकांच्या मधोमध.

केंब्रिजच्या शब्दकोशात हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे मूळ शब्द तोडलेला नसतो. फोड फक्त उच्चारात असते, ती आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत असते, आणि सिलेबलच्या सीमेवर एक साधा बिंदू किंवा आघाताची खूण असते. आपल्या शब्दाची तिथली फोड ‘रि, स्पॉन, स, बिल, अ, टि’ अशी आहे. म्हणजे मेरियम-वेबस्टरने उच्चारात पुढे ढकललेले ‘एल’ केंब्रिजने पुन्हा ‘बिल’मध्ये घेतले आहे. दोघांपैकी चूक कोणाची, असा प्रश्न इथे साहजिक आहे; पण उच्चारशास्त्रात त्यावर एकमत नाही. दोन स्वरांच्या मधले व्यंजन शक्य तितके पुढच्या सिलेबलला द्यावे, असे एक मत आहे. ऱ्हस्व स्वरावर आघात असेल तर इंग्रजीत ते सिलेबल उघडे राहत नाही, म्हणजे नुसत्या स्वरावर संपत नाही, म्हणून व्यंजन आघाताच्या सिलेबलकडे ओढले जाते, असे दुसरे मत आहे, आणि जॉन वेल्स यांच्यासारख्या ध्वनिवैज्ञानिकाने ते हिरिरीने मांडले आहे. बोलणाऱ्याच्या तोंडून निघणारा ध्वनी या दोन मतांमुळे बदलत नाही. सिलेबलची संख्या आणि आघाताची जागा दोन्हीकडे एकच राहते, त्यामुळे शिकणाऱ्याने या ‘एल’वरून झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

आघात हा मात्र झोप उडवून घेण्याजोगा विषय आहे. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ असे देवनागरीत लिहिले की ‘रि’, ‘सि’, ‘बि’ आणि ‘लि’ ही चारही अक्षरे सारख्याच तोलाची दिसतात आणि आपण ती सारख्याच तोलाने म्हणतो. इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी त्यांतले फक्त ‘बि’ ठसठशीत असते. ‘सि’तला आणि ‘लि’तला स्वर अस्पष्ट होऊन ‘अ’सारखा उरतो; त्याला ध्वनिशास्त्रात ‘श्वा’ म्हणतात आणि ध्वनिलिपीत तो उलट्या ‘ई’ने दाखवतात. केंब्रिजच्या पानावर ‘बिल’च्या आधी वरच्या बाजूला उभी रेघ आहे, ती मुख्य आघाताची, ‘स्पॉन’च्या आधी खालच्या बाजूला तशीच रेघ आहे, ती दुय्यम आघाताची. मुख्य आणि दुय्यम या दोन्ही खुणा ज्या सिलेबलवर आघात आहे त्याच्या आधी येतात, हे लक्षात ठेवावे लागते. अमेरिकन हेरिटेजमध्ये उलट रीत आहे. तिथे तिरकी खूण सिलेबलच्या नंतर येते, मुख्य आघाताची खूण जाड असते आणि दुय्यम आघाताची बारीक. कागदावर हा फरक चटकन दिसत असेल; मोबाइलच्या छोट्या पडद्यावर जाड खूण कोणती आणि बारीक कोणती हे डोळे ताणून पाहावे लागते. एका शब्दकोशाची सवय घेऊन दुसऱ्याकडे गेलेला वाचक ‘बिल’ऐवजी भलत्याच सिलेबलवर जोर देऊ शकतो, आणि त्याला तसे करायला लावणारी खूण त्याच्या दृष्टीने बरोबरच वाचलेली असते.

आघात ‘बिल’वरच का येतो, हे चारपैकी एकही शब्दकोश त्या शब्दाच्या पानावर सांगत नाही, आणि ही उणीव चौघांचीही आहे. कारण साधे आहे. ‘-इटी’ हा प्रत्यय लागला की मुख्य आघात त्याच्या लगेच आधीच्या सिलेबलवर जातो. ‘पर्सन’मध्ये आघात पहिल्या सिलेबलवर असतो, ‘पर्सनॅलिटी’त तो ‘नॅल’वर जातो, ‘क्युरिअस’मध्ये तो सुरुवातीला असतो, ‘क्युरिऑसिटी’त ‘ऑस’वर जातो, ‘इलेक्ट्रिक’ आणि ‘इलेक्ट्रिसिटी’ यांचेही तसेच. ‘-शन’ने संपणाऱ्या नामांत आघात त्या शेवटच्या तुकड्याच्या लगेच आधी येतो. याउलट ‘-नेस’, ‘-शिप’, ‘-हुड’ हे प्रत्यय कितीही लागले तरी मूळ शब्दातला आघात जागचा हलत नाही. ‘रिस्पॉन्सिबल’ या विशेषणातला ‘स्पॉन’वरचा आघात नाम झाल्यावर पूर्णपणे नाहीसा होत नाही, तर दुय्यम होऊन उरतो, केंब्रिजमधली ती खालची रेघ म्हणजे विशेषणाच्या जुन्या आघाताची खूण आहे. एवढी एक ओळ पानाच्या तळाशी दिली असती तर शेकडो नामांचे आघात पाठ करण्याची गरज उरली नसती.

केंब्रिजच्या बाजूने आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तिथे ब्रिटिश आणि अमेरिकी असे दोन्ही उच्चार शेजारीशेजारी लिहिलेले असतात आणि दोन्ही ऐकता येतात. आपल्या शब्दात त्यामुळे फारसा फरक पडत नाही. अमेरिकी उच्चारात शेवटच्या ‘ट’खाली एक छोटी खूण आहे, ती तो ‘ट’ मऊ होऊन ‘ड’कडे झुकतो असे सांगते, इतकेच. पण ‘लॅबोरेटरी’ हे नाम ब्रिटिश माणूस ‘बॉ’वर आघात देऊन म्हणतो आणि अमेरिकी माणूस पहिल्याच सिलेबलवर, ‘अ‍ॅडव्हर्टाइजमेंट’मध्ये ब्रिटिश आघात ‘व्हर’वर असतो आणि अमेरिकेत तो सर्रास ‘टाइज’वर ऐकू येतो. अशा शब्दांत केवळ एका देशाचा उच्चार देणारा शब्दकोश अर्धेच उत्तर देतो. मेरियम-वेबस्टर अमेरिकी इंग्रजीचा शब्दकोश असल्यामुळे त्याला दोष देता येणार नाही, पण वाचकाने त्याची मर्यादा जाणून असावे. त्याची उच्चारलेखनाची पद्धतही स्वतःची आहे, आंतरराष्ट्रीय नाही. त्यातला एक बारकावा मात्र मला आवडला: ‘स्पान’च्या शेवटी त्यांनी कंसात एक ‘ट’ दिला आहे, कारण ‘न’वरून ‘स’वर जाताना अनेकांच्या तोंडी एक हलकासा ‘ट’ आपोआप येतो. इतक्या काटेकोर कानाच्या संपादकांनी ठिपक्यांचा घोळ तसाच ठेवावा, याचे त्यामुळे अधिकच वाईट वाटते.

तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे घटकांच्या प्रश्नाला, केंब्रिजकडे जवळपास उत्तरच नाही. शिकणाऱ्यांसाठी बनवलेल्या त्या शब्दकोशात व्युत्पत्ती दिलेली नसते. इथे अमेरिकन हेरिटेज इतरांना फार मागे टाकतो. १९६९ च्या पहिल्या आवृत्तीतच या शब्दकोशाला इंडो-युरोपीय धातूंचे, म्हणजे शब्दांच्या प्राचीन मुळांचे, एक परिशिष्ट होते आणि ते आता त्यांच्या संकेतस्थळावरही वाचता येते. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’चा माग ‘रिस्पॉन्ड’पर्यंत नेला की लॅटिनमधले ‘रेस्पोन्देरे’ हे क्रियापद मिळते: ‘रे’ म्हणजे परत, आणि ‘स्पोन्देरे’ म्हणजे वचन देणे. ‘स्पॉन्सर’ आणि ‘स्पाउस’ हे शब्दही त्याच क्रियापदातून आले आहेत. त्याही मागे गेले की देवतेला अर्पण करणे, विधी करून स्वतःला बांधून घेणे अशा अर्थाचा एक धातू येतो, आणि त्याच धातूच्या ग्रीक शाखेतून देवापुढे मद्याची धार सोडण्याच्या विधीचा शब्द येतो. त्या विधीच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या गीतांवरून ग्रीकांनी दोन दीर्घ सिलेबलच्या एका गणाला ‘स्पॉन्डी’ हे नाव दिले, आणि इंग्रजी छंदशास्त्रात त्याच नावाने सलग दोन आघाती सिलेबलचा गण ओळखला जातो. आघात शोधायला निघालेल्या वाचकाला शब्दाच्या पोटातच छंदशास्त्राची एक संज्ञा भेटावी, हा या परिशिष्टातला आनंद आहे. दिसण्यावरून फसण्याच्या जागाही त्यामुळे टळतात: खर्च करणे या अर्थाचे इंग्रजी ‘स्पेंड’ हे या कुळातले नाही, ते वजन करून देणे या अर्थाच्या लॅटिन ‘एक्स्पेन्देरे’पासून आलेले आहे.

‘बिल’ हा तुकडा कुठून आला, हाही प्रश्न इथेच सुटतो. ‘रिस्पॉन्सिबल’च्या शेवटी ‘बी-एल-ई’ असताना नामात अचानक ‘बी-आय-एल’ का होते, असे अनेकांना वाटते. लॅटिनमध्ये हा प्रत्यय ‘-बिलिस’ असाच होता. फ्रेंचमधून येताना त्यातला मधला स्वर गळाला, आणि ‘-इटी’ लागल्यावर जुने लॅटिन रूप पुन्हा वर आले. ‘पॉसिबल’चे ‘पॉसिबिलिटी’ आणि ‘एबल’चे ‘अ‍ॅबिलिटी’ होताना हाच स्वर परत येतो. त्यामुळे घटकांची फोड ‘रे, स्पॉन्स, इबिल, इटी’ अशी होते. ती मेरियम-वेबस्टरच्या ठिपक्यांच्या फोडीशेजारी ठेवून पाहिली तर पहिली सीमा जुळते, ‘बिल’नंतरची सीमा जुळते, आणि मधली मात्र जुळत नाही, कारण ‘स्पॉन्स’चा ‘एस’ घडणीने मागच्या घटकाचा असला तरी बोलताना तो पुढच्या ‘सि’त जातो. ‘हेलिकॉप्टर’मध्ये हे अधिक ठळक दिसते. घटक ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ असे आहेत, म्हणजे ग्रीकमधले वेटोळे आणि पंख. सिलेबलची सीमा मात्र ‘प’नंतर पडते आणि पंखाचे दोन तुकडे होतात.

विक्शनरी २००२ मध्ये सुरू झाली आणि ती कोणीही संपादित करू शकतो, त्यामुळे तिची गुणवत्ता शब्दागणिक बदलते. एखाद्या पानावर ध्वनिलिपी, ध्वनिमुद्रण, यमक आणि ओळ तोडण्याच्या जागा असे सगळे असते, तर शेजारच्या पानावर नुसता अर्थ असतो. व्युत्पत्ती ती मूळ शब्द अधिक प्रत्यय अशा साध्या बेरजेने मांडते, जी अमेरिकन हेरिटेजइतकी खोल नसली तरी पहिल्या नजरेत अधिक लवकर कळते. तिची खरी उपयुक्तता पानाच्या तळाशी असलेल्या वर्गांच्या दुव्यांत आहे. ‘-इटी’ प्रत्यय लागलेल्या शब्दांचा एक वर्ग तिथे आहे आणि सहा सिलेबलच्या शब्दांचाही एक वर्ग आहे. पहिल्या वर्गातली नामे मोठ्याने वाचत गेले की आघाताचा तो नियम कोणी न सांगताही कानात बसतो, आणि हे काम इतर तिघांपैकी एकाच्याही पानावर होत नाही.

ज्यांना शब्दांशी संगणकाच्या मार्फत व्यवहार करायचा आहे, त्यांच्यासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश वेगळाच पर्याय आहे. त्यात १,३४,००० हून अधिक शब्द असून उच्चार उत्तर अमेरिकी आहेत. प्रत्येक स्वरापुढे ०, १ किंवा २ हा आकडा असतो: ० म्हणजे आघात नाही, १ म्हणजे मुख्य आणि २ म्हणजे दुय्यम. सिलेबलच्या सीमा त्यात दिलेल्याच नाहीत, परंतु आकडे मोजले की सिलेबलची संख्या मिळते, आणि ‘एल’ कोणाचा हा वाद तिथे उपस्थितच होत नाही. माणसाने वाचण्यासाठी तो बनवलेला नाही, हे पहिल्याच ओळीवरून कळते.

मला एकच शब्दकोश निवडायला सांगितले तर उच्चारासाठी मी केंब्रिज निवडेन आणि ‘बिल’च्या आधीची ती उभी रेघ पाहून, दोन्ही उच्चार ऐकून पान बंद करेन. शब्द कसा घडला हे पाहायचे असेल तर अमेरिकन हेरिटेजचे परिशिष्ट उघडावे आणि त्यासाठी हाताशी थोडा वेळ ठेवावा. मेरियम-वेबस्टरचे अर्थ आणि उच्चार भरवशाचे आहेत, ठिपके मात्र मुद्रितशोधकासाठी सोडून द्यावेत.